प्रॉपला घाई नसते

कानाचं आधी सांगते. बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, कान थांबत नाही. तुम्ही लिहिलंय की परवाच्या रग्बी मॅचपासून मुलाचा डावा कान फुगलाय आणि दाबला की पाणी भरलेल्या फुग्यासारखा लागतो. ते पाणी नाही, रक्त आहे. कानाची कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये ते साठतं आणि कूर्चेचं पोषण तुटतं. दोन-तीन दिवसांत डॉक्टरनं ते काढून वर घट्ट पट्टी बांधली, तर कान बहुतेक वेळा पूर्ववत होतो. आठवडा गेला की आतलं सगळं घट्ट होतं आणि मग तो कान जन्मभर तसाच. त्यामुळे आजच जा. टीममधला एखादा मोठा मुलगा 'सुई आण, मी काढतो' म्हणेल, त्याला हात लावू देऊ नका. पट्टी आहे तोवर स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे गडी वाकून, डोकी एकमेकांत अडकवून रेटतात ते, बंद.

मी कोल्हापूरची. माझ्या आजोबांचे दोन्ही कान मोडलेले होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. तालमीत मोडका कान म्हणजे पदवीच. अठरा वर्षांपूर्वी स्कॉटलंडला आले, फिजिओथेरपिस्ट म्हणून एका रग्बी क्लबात पहिल्या दिवशी उभी राहिले आणि समोर टेबलावर जो प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला गडी, येऊन बसला त्याचे कान बघून मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक माणसं फॉरवर्डच, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारी. पाठीमागे पळणारी पोरं मांडीचा स्नायू ताणला गेला की येतात. फॉरवर्ड दर आठवड्याला येतात.

आता तुमचा प्रश्न. सांगलीचं कुटुंब, सात वर्षांपासून एडिंबऱ्यात. मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या संघात तीन नंबरची जर्सी, म्हणजे पहिल्या रांगेतला उजवीकडचा, टाइटहेड प्रॉप. वजन १०८ किलो. विभागीय अकादमीनं बोलावलंय. त्याला हेच करायचंय, 'युनिव्हर्सिटी नंतर बघू' म्हणतो. तुम्ही विचारताय, या धंद्यात किती वर्षं, किती पैसा, आणि त्याला अडवायचं की सोडायचं.

मला वाटतं, खरी अडचण वेगळी आहे. रग्बी की शिक्षण, असा सामना तुमच्या घरात लागलाय आणि दोन्ही बाजूंनी गृहीत धरलंय की अठराव्या वर्षी निवड करावीच लागेल. विंगरच्या, म्हणजे कडेनं पळणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत यात थोडंफार तथ्य असेल. तीन नंबरच्या बाबतीत नाही. प्रॉप उशिरा पिकतो. हा उशीरच तुमच्या उपयोगाचा आहे, पण तो कसा वापरायचा हे कळण्यासाठी इथला बाजार आधी समजून घ्यावा लागेल.

स्कॉटलंडमध्ये पुरुषांचे पूर्ण व्यावसायिक संघ दोनच, ग्लासगो वॉरियर्स आणि एडिंबरा. दोन्ही स्कॉटिश रग्बी युनियनच्या मालकीचे. म्हणजे देशभरात नोकरी देणारा मालक एकच, फक्त त्याची दुकानं दोन. रग्बी व्यावसायिक झाली १९९५ मध्ये. त्यानंतर इथे चार संघ होते, मग दोन झाले, मग बॉर्डर्सचा तिसरा संघ पुन्हा उभा राहिला आणि २००७ मध्ये बंद पडला. हॉइक, गॅलाशील्स, मेलरोज, केल्सो, जेडबरा ही त्या भागातली गावं. लोकवस्ती आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढीही नाही, पण एकेका गावानं स्कॉटलंडला पिढ्यान्पिढ्या फॉरवर्ड पुरवलेत. मेलरोजच्या एका खाटकानं, नेड हेगनं, १८८३ मध्ये सात-सात जणांची रग्बी काढली, तीच आज ऑलिंपिकमध्ये आहे. तरीही त्या पट्ट्याला स्वतःचा व्यावसायिक संघ नाही. मालक एकच असला की असं होतं.

हिशेब करून बघा. मॅचच्या दिवशी संघात तेवीस जण. पहिल्या रांगेचे, म्हणजे दोन प्रॉप आणि मधला हुकर, यांची पूर्ण बदली बाकावर ठेवावीच लागते, कारण न शिकलेल्या माणसाला स्क्रमच्या पहिल्या रांगेत घालणं म्हणजे त्याच्या मानेशी खेळ. त्यामुळे प्रत्येक मॅचला दोन टाइटहेड लागतात. दुखापती धरून संघ साधारण चार बाळगतो. दोन संघांचे मिळून आठ. त्यातल्या एक-दोन जागा दक्षिण आफ्रिकेतून किंवा इंग्लंडमधून आलेल्यांकडे. म्हणजे तुमचा मुलगा ज्या रांगेत उभा राहतोय तिच्या टोकाला अख्ख्या देशात सहा-सात खुर्च्या आहेत आणि बसलेला माणूस दहा-दहा वर्षं उठत नाही.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की चांगला टाइटहेड मिळणं सगळीकडेच अवघड, त्यामुळे त्याला इंग्लंड आणि फ्रान्सचे दरवाजेही उघडे असतात. आणि एकदा हात बसला की तो टिकतो. डब्ल्यू. पी. नेल हे नाव तुमच्या मुलाला माहीत असेल. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून एडिंबऱ्याला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. स्कॉटलंडकडून पहिला सामना २०१५ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी. २०२३ च्या वर्ल्ड कपलाही होता, तेव्हा वय सदतीस. कुठल्याही विंगरचं वेळापत्रक असं असत नाही.

उलट उदाहरणही आहे, खोटं कशाला बोलू. झँडर फॅगरसन २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा नुकताच वीस वर्षांचा झाला होता, तोही तीन नंबरलाच. तुमचा मुलगा त्याचाच फोटो भिंतीवर लावून बसला असणार. पण तो अपवाद आहे, आणि अपवादाकडे बघून घरातले निर्णय घेऊ नयेत.

उशीर का लागतो ते सांगते, कारण मुलाला पटवायला ते तुम्हाला उपयोगी पडेल. लूजहेडच्या, म्हणजे डावीकडच्या प्रॉपच्या, डोक्याची एक बाजू मोकळी असते. टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी अडकलेलं. समोरून लूजहेड आणि हुकर दोघांचा भार, मागून स्वतःच्याच संघाच्या लॉकचा, म्हणजे दुसऱ्या रांगेतल्या गड्याचा, रेटा. त्याचं काम म्हणजे या दोन्हींच्या मध्ये पाठ सपाट ठेवून उभं राहणं. यात ताकद तर लागतेच, पण कंबर किती खाली न्यायची, समोरच्यानं खांदा आत वळवला की आपली पकड कुठे सरकवायची, पाय कधी हलवायचा, हे सगळं शेकडो स्क्रम खाल्ल्यावरच अंगात येतं. आमच्या आजोबांचे वस्ताद म्हणायचे, डाव सांगून येत नाही, पाठीवर पडून येतो. १९९७ आणि २००१ या दोन्ही लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ) दौऱ्यांत सगळ्या कसोट्या सुरुवातीपासून खेळलेला टॉम स्मिथ लूजहेड होता, पण मुद्दा तोच. प्रॉपच्या मानानं चणीनं लहान, जेमतेम पावणेसहा फुटांच्या आसपास, आणि १९९७ ला समोरच्या आडदांड दक्षिण आफ्रिकनांना त्यानं कोनावर धरलं. आता शरीरं तेव्हापेक्षा मोठी झालीत हे खरं, कोन मात्र तेच आहेत.

मानेची हाडं, कमरेतल्या चकत्या, जांघेतले स्नायू यांनाही तो भार पेलायला वेळ लागतो. म्हणून एकोणीस वर्षांखालच्या सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा पुढे ढकलायला बंदी आहे. तुमच्या मुलानं आत्तापर्यंत जो स्क्रम खेळलाय तो मोठ्यांच्या स्क्रमपुढे भातुकलीचा. अठराव्या वर्षी मोठ्यांच्या संघात गेला की तो पहिल्यांदा खऱ्या स्क्रममध्ये जाईल, आणि पहिली दोन वर्षं मार खाईल. सगळेच खातात.

आता हा उशीर कसा वापरायचा. स्कॉटलंडची ऑनर्स पदवी चार वर्षांची असते. अठरा ते बावीस. टाइटहेड उमेदवारीत असतो तो नेमका हाच काळ. इथे राहणाऱ्या मुलांची पहिल्या पदवीची फी इथल्या युनिव्हर्सिटीत सरकार भरतं. तुम्हाला ते लागू आहे की नाही हे तुमच्या व्हिसावर आणि इथे किती वर्षं राहिलात त्यावर अवलंबून आहे, ते आधी तपासून घ्या. लागू असेल तर इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीत, तिथली रग्बी कितीही भारी असली तरी, कर्ज काढून पाठवण्याआधी मी दहा वेळा विचार करेन.

पदवी आणि पहिली रांग एकत्र जमतात का, तर जमलेली आहेत. जेफ क्रॉस टाइटहेड, एडिंबरा युनिव्हर्सिटीतून डॉक्टर झालेला, स्कॉटलंडकडून चाळीस सामने, रग्बी थांबवल्यावर परत वैद्यकीकडे गेला. २००९ मध्ये त्याचं पदार्पण झालं तेव्हा उडी मारलेल्या वेल्सच्या खेळाडूला धडकून तो बेशुद्ध पडला आणि रेफरीनं त्याला त्याच अवस्थेत यलो कार्ड दाखवलं. पदार्पण यापेक्षा वाईट होणं कठीण, तरी चाळीसपर्यंत गेला. यूअन मरीसुद्धा टाइटहेड, शिक्षणानं पशुवैद्य, सहासष्ट सामने. तो तर धर्मश्रद्धेमुळे रविवारी खेळायचाच नाही, आणि रविवार सोडूनही त्याची कारकीर्द उभी राहिली. चांगल्या तीन नंबरचं संघ किती ऐकतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

माझ्या पाहण्यातला एक मुलगा मात्र सांगते, नाव नको. एकोणिसाव्या वर्षी अकादमीचा करार मिळाला म्हणून त्यानं इंजिनीअरिंग पहिल्याच वर्षी सोडलं. मुलगा गुणी, कष्टाळू. एकविसाव्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं, करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी माझ्याकडे टेप परत द्यायला आला होता. अर्धी वापरलेली रीळ, ती मला परत देऊन गेला. दुखापत तर दोघांनाही झाली असती, शिकणाऱ्यालाही आणि न शिकणाऱ्यालाही. फरक इतकाच की त्याला सप्टेंबरमध्ये जायला वर्ग नव्हता.

त्यात आता मधली पायरीही निघून गेली. २०१९ मध्ये सहा संघांची सुपर सिक्स ही अर्धव्यावसायिक स्पर्धा सुरू झाली होती. अकादमीच्या पोरांना तिथे मोठ्या माणसांसमोर स्क्रम मिळायचा आणि थोडे पैसेही. २०२४ मध्ये ती बंद झाली. म्हणजे आता एकीकडे हौशी क्लब, दुसरीकडे दोन व्यावसायिक संघ आणि मध्ये बरीच मोठी उडी. अशा वेळी क्लबात शनिवारी खेळत, आठवडाभर कॉलेज करत, उडीची वाट बघणारा मुलगा टिकतो. फ्रेझर ब्राउन हा हुकर असाच. एडिंबऱ्याच्या व्यावसायिक संघातून बाहेर पडला, हेरिअट्स क्लबात हौशी रग्बी खेळत राहिला, तिथून ग्लासगोनं उचलला आणि मग देशाकडून खेळला.

जागा बदलण्याची तयारीही हवी. रॉस फोर्ड केल्सोचा, सुरुवातीला मागच्या रांगेत खेळायचा, त्याला हुकर केला गेला आणि तो स्कॉटलंडकडून एकशे दहा सामने खेळला. स्टुअर्ट मॅकिनॅलीची गोष्ट तीच. नंबर एट, म्हणजे स्क्रमच्या सगळ्यात मागचा गडी होता, मधल्या काळात हुकर झाला, २०१९ च्या वर्ल्ड कपला कप्तान. मग वैमानिक व्हायचं ठरवून रग्बीतून बाहेर पडला. तुमच्या मुलाची उंची तुम्ही लिहिली नाहीत. बुटका आणि खांद्यानं रुंद असेल तर उद्या कोणी त्याला हुकर हो म्हणेल. म्हणालं तर रडू देऊ नका, लाइनआउटला, म्हणजे कडेच्या रेषेवरून, चेंडू फेकायची सवय आजपासून लावा.

आत्तापर्यंतचं एवढंच: खुर्च्या कमी, पण पिकायला वेळ मिळतो, आणि तो वेळ नेमका पदवीएवढा आहे. अकादमीला हो म्हणा, युनिव्हर्सिटीलाही हो म्हणा. सोळाव्या वर्षी यातलं काहीच सोडायची गरज नाही.

आता शरीराबद्दल. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण अकादमीतले लोक तुम्हाला जे सांगतील त्यात एक गोष्ट राहून जाण्याची शक्यता आहे.

तालमीतल्या पैलवानाचं पुढे काय होतं ते सांगलीत तुम्हीही पाहिलं असेल. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. दूध, बदाम, तूप, मटण तेवढंच, आणि जोर-बैठका बंद. चाळिशीत पोट, पंचेचाळिशीत साखर. माझ्या आजोबांचे दोन सोबती पन्नाशीत त्या साखरेनंच गेले. प्रॉपचंही असंच होतं. खेळताना वजन ११५-१२० किलो ठेवावं लागतं, त्यासाठी दिवसाला चार-पाच वेळा पोटभर खायची सवय लागते, आणि खेळ थांबला की ती सवय थांबत नाही. गोऱ्या मुलांच्या बाबतीत हे वाईटच, पण आपल्या लोकांत टाइप टू मधुमेह कमी वजनाला आणि कमी वयात गाठतो. भारतीय उपखंडातल्या माणसाच्या अंगात तेवढ्याच वजनाला स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त असते. त्यामुळे '१०८ किलो, वा, १२० पर्यंत नेऊ' हे वाक्य ऐकलंत की पुढचा प्रश्न तुमचा असायला हवा: कशाचे बारा किलो?

मी माझ्याकडच्या दक्षिण आशियाई मुलांना काट्यापेक्षा टेपवर जास्त मोजते. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा. वर्षातून एकदा रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. घरात आई-वडील, आजी-आजोबांना मधुमेह आहे का, हे डॉक्टरला आधी सांगायचं. वजन वाढवायचं ते वर्षाला तीन-चार किलोच्या गतीनं, तेही मांड्या आणि पाठ यांत दिसलं पाहिजे. पोट आधी वाढलं तर थांबायचं. आणि मुलगा घोरत असेल, सकाळी उठल्यावर मरगळलेला असेल, तर 'दमलाय बिचारा' म्हणून सोडू नका. जाड मानेच्या फॉरवर्डांत झोपेत श्वास अडकण्याचा त्रास नवा नाही.

खाण्यात आपलं घरचं जेवण काही वाईट नाही. आमटी, उसळ, दही, अंडी, मासे, चिकन चालेल. भाताचा डोंगर आणि वर तूप, एवढ्यावर मात्र प्रॉप होत नाही. शाकाहारी घर असेल तरी जमतं, फक्त प्रत्येक जेवणात प्रथिनं कुठून आली हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

याच्याशी जोडूनच एक इशारा, आणि हा फार महत्त्वाचा. भारतातून येणारी औषधं आणि पावडरी बंद. व्यावसायिक वाटेवर पाय ठेवला की उत्तेजक चाचणीचे नियम लागू होतात आणि तिथे 'माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटॅलिन असतं, ते बंदी घातलेल्या यादीत आहे. मामानं प्रेमानं पाठवलेली 'ताकदीची' पावडर, लेबल नसलेली भस्मं, जिममधल्या मित्राचा डबा, काहीच नाही. घ्यायचंच तर तपासणीचं चिन्ह असलेलं, तेही संघाच्या डॉक्टरला दाखवून.

डोक्याचं मी शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यात अवघड. ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंची तुलना सामान्य लोकसंख्येतल्या १,२३६ जणांशी केली. खेळाडूंत स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण दुप्पट निघाला, पार्किन्सन्सचा तिप्पट, आणि मोटर न्यूरॉन आजाराचा पंधरापट. शेवटचा आजार मुळात फार दुर्मीळ, त्यामुळे पंधरापट म्हणजेही थोडीच माणसं. पण स्कॉटलंडमध्ये तो आकडा ऐकला की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर डॉडी वीअर येतो. सहा फूट सहा इंचांचा लॉक, एकसष्ट सामने, उधळलेल्या घोड्यासारखा पळायचा. २०१७ मध्ये त्यानं आजार जाहीर केला, त्यावरच्या संशोधनासाठी संस्था काढून प्रचंड पैसा उभा केला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला, वय बावन्न. त्याचा आजार रग्बीमुळेच झाला असं कोणीही म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. फॉरवर्ड आणि बॅक यांच्यात धोक्याचा फरक त्या अभ्यासात दिसला नाही. त्या पाहणीतले बरेच जण जुन्या, हौशी काळात खेळलेले होते. आजचे आघात जास्त जड, आणि काळजीही जास्त घेतली जाते. या दोन्हींची बेरीज पुढे कशी लागेल हे आणखी वीस वर्षांनी कळेल.

मग मी आई म्हणून काय करेन? माझी मुलगी खेळते, म्हणून सांगू शकते. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी त्या दिवशी मैदानाबाहेर, रेफरी काहीही म्हणो. इथल्या हौशी खेळाच्या नियमांनुसार मेंदूला हादरा बसल्यावर सामन्याला परत यायला किमान एकवीस दिवस. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी एकवीसला कमीत कमी समजते, पोहोचायचं ठिकाण नाही. एका मोसमात दोनदा झालं तर मोसम संपला. आणि सरावात पूर्ण ताकदीचा टॅकल आठवड्यातून किती मिनिटं, हे कोचला विचारते. मान मजबूत करण्याचे व्यायाम वर्षभर, मोसम संपल्यावरसुद्धा. यात आपली तालीम पुढे आहे, मानेचे जोर आजोबांनी मला नऊ वर्षांची असताना शिकवले होते.

पैशाबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय. आकडे संघागणिक, जागेगणिक बदलतात, म्हणून कुणाचे तरी ऐकीव आकडे मी देत नाही. स्वरूप सांगते. अकादमीतल्या पोराला मिळतं त्यात भाडं आणि जेवण जेमतेम भागतं. नियमित खेळणाऱ्याला चांगला पगार, देशाकडून खेळणाऱ्याला त्याहून बराच जास्त, आणि टाइटहेडला त्याच पातळीच्या इतरांपेक्षा बहुधा वरचा भाव. करार दोन वर्षांचा, फार तर तीन. म्हणजे घरकर्ज पंचवीस वर्षांचं आणि नोकरी चोवीस महिन्यांची.

करार कागदावर असला तरी मालक बुडू शकतो, हेही लक्षात ठेवा. हॉइकचा रोरी सदरलंड, लूजहेड. २०१६ मध्ये देशाकडून खेळला, मग जांघेच्या स्नायूंची भयंकर दुखापत, काही काळ व्हीलचेअरवर. त्यातून उठून २०२१ मध्ये लायन्सच्या पहिल्या कसोटीत सुरुवातीपासून खेळला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वूस्टरकडे गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो क्लब आर्थिक डबघाईला येऊन खेळाडूंचे करारच संपुष्टात आले. लायन्सकडून खेळलेला माणूस, आणि एका सकाळी बेकार. मग अल्स्टर, मग फ्रान्समधलं ओयोना, मग २०२४ मध्ये ग्लासगो. तीन वर्षांत चार क्लब, चार घरं. २०२५ मध्ये लायन्सनं त्याला पुन्हा बोलावलं, पण मधली वर्षं बायको-मुलांनी कशी काढली असतील, हे मी तरी सहज समजू शकते.

तुमच्या मुलाला स्कॉटलंडकडून खेळता येईल का, हे विचारलंत. येईल. पासपोर्टचा त्याच्याशी संबंध नाही. जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी, नाहीतर सलग पाच वर्षं वास्तव्य, यातलं एक पुरे. सात वर्षं इथे राहिल्यावर तो बसतोच, फक्त मध्ये बाहेरगावी फार काळ जाऊ नये. व्यावसायिक करारासाठी काम करण्याचा हक्क लागतो, तो भाग व्हिसाचा, आणि त्याचं वकिलाला विचारा. आणि कोणी 'तुमच्याकडे तर क्रिकेट ना' म्हणालं तर मुलाला सांगा, इंग्लंड-स्कॉटलंड दरवर्षी ज्या कपासाठी लढतात तो कलकत्ता कप आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद झाला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून ते वितळवून तो घडवला, नागाच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी सामने होतात. १९८८ मध्ये स्कॉटलंडचा एक फॉरवर्ड आणि इंग्लंडचा एक फॉरवर्ड, दोघांनी मिळून तो रात्री एडिंबऱ्याच्या रस्त्यावर लाथाडला आणि पार चेपवून टाकला. फॉरवर्डांच्या हाती भांडी देऊ नयेत ती याच कारणानं.

पुढच्या महिन्यात अकादमीबरोबर तुमची बैठक आहे म्हणालात. पगाराचं तिथे विचारू नका, तो विषय अजून आलेला नाही. हे विचारा: कॉलेजच्या परीक्षेच्या आठवड्यात सराव कसा बदलतो? गेल्या तीन वर्षांत अकादमीतून बाहेर पडलेली पहिल्या रांगेतली मुलं आज काय करतायत? स्क्रम शिकवणारा माणूस स्वतः कुठे खेळला, आणि आठवड्यातून किती वेळ देतो? वजनाचं उद्दिष्ट कोण ठरवतं, आणि रक्ताची तपासणी त्यात आहे का? डोक्याला मार लागला तर खेळाडूला बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार कोचचा की डॉक्टरचा? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा माणूस नावं घेऊन बोलला तर चांगली खूण. 'बरीच मुलं चांगली सेटल झालीत' एवढंच म्हणाला तर पुन्हा विचारा.

आणि हे प्रश्न तुम्ही विचारू नका. कागदावर लिहून मुलाच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा. पण त्याआधी आज तो कान.